शिलाई कोणाची, शिक्का कोणाचा?



कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि क्रिकेट खेळणारी पोरे आपल्या वस्त्यांत पूर्वीही होती. आता पोलीस भरतीसाठी मुलीसुद्धा पहाटे मैदानावर धावताना दिसतात. या सगळ्यांना ट्रॅकपँट लागते, टी-शर्ट लागतो, संघाची जर्सी लागते, मुलींना अंगाबरोबर बसणारी लेगिंग लागते. मोठ्या कंपनीचा माल परवडत नाही आणि रस्त्यावरचा माल दोन महिन्यांत फाटतो. मग दोन-चार जण एकत्र येऊन म्हणतात, आपणच आपल्या नावाचा माल का काढू नये? नाव ठरलेले असते, चित्रही मोबाईलवर तयार असते. गाडी अडते ती पुढे. कपडा शिवायचा कोणी? स्वतः मशिनी टाकायच्या, दुसऱ्याकडून शिवून घ्यायचा, की तयार मालावर नुसता आपला शिक्का मारायचा?

अशा मंडळींच्या वह्या पाहिल्या की एक गोष्ट लगेच दिसते. नफा किती होईल याचा हिशेब पहिल्या पानावर असतो. माल बिघडला किंवा पडून राहिला तर पैसे कोणाचे बुडणार, याला पानच नसते. शिवणारा कोण हे ठरवताना खरे ठरते ते हेच.

आधी हा कपडा कसा असतो ते समजून घेऊ. घरी आई ब्लाऊज-परकर शिवते ते मशिन सरळ टीप मारते. ताणणाऱ्या कापडावर ती टीप चालत नाही. पोरगी उठाबशा काढायला खाली बसली की कापड ताणते, टीप ताणत नाही आणि दोरा तुटतो. म्हणून असे कापड ओव्हरलॉकवर जोडतात, आणि तळाची, बाहीची दुमड फ्लॅटलॉकवर घालतात. सुईसुद्धा वेगळी, टोकाला गोलसर असते. ती विणीचा धागा तोडत नाही, धाग्यांच्या मधून वाट काढते. म्हणजे "घरात मशिन आहेच की" या भरवशावर हा धंदा उभा राहत नाही. साधे, ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक अशी तिन्ही मशिने लागतात, आणि तिन्हींवर हात बसलेले कारागीर लागतात.

तरीही पहिली ओढ मशिनींचीच असते. स्वतःचा कारखाना म्हटले की नातेवाइकांत मान मिळतो. शिवाय बँकेत गेले की मशिनच्या कोटेशनवर कर्जाचा कागद चटकन हलतो, कापडासाठी आणि उधारीत अडकणाऱ्या पैशासाठी तितका हलत नाही. त्यामुळे ज्याची गरज आहे त्यावर कर्ज मिळत नाही, आणि ज्यावर मिळते ते विकत घेतले जाते. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो.

थोडा हिशेब करू. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या गावचे दर घालून तुम्ही पुन्हा करा. गाळ्याचे भाडे १२,००० रुपये, तीन कारागिरांचा पगार १५,००० प्रमाणे ४५,००० आणि वीज ३,०००. झाले महिन्याला ६०,०००. यात कर्जाचा हप्ता नाही आणि तुमची स्वतःची मेहनतही नाही. महिन्याला १,५०० नग निघाले आणि विकले गेले, तर एका नगाला शिलाई पडली ४० रुपये. झकास! पण नवीन नावाचा माल पहिल्या वर्षी १,५०० कोण घेणार? ३०० च विकले गेले तर तीच शिलाई पडली २०० रुपये. बाहेरचा कारागीर तोच नग ४५ रुपयांत शिवून देत असेल, तर ३०० नगांचे तुम्ही १३,५०० देता आणि मोकळे होता. ६०,००० ला ४५ ने भागा, १,३३३ येतात. महिन्याला तितके नग सतत खपत नाहीत तोवर स्वतःचा कारखाना तुम्हाला पोसत नाही, तुम्ही त्याला पोसता.

दुसरे टोक म्हणजे सगळेच दुसऱ्यावर सोपवायचे. तमिळनाडूतले तिरुपूर हे होजिअरी मालाचे देशातले सर्वांत मोठे गाव, पंजाबात लुधियाना. तिथला कारखानदार कापड, रंग, कटिंग, शिलाई, लेबल, पिशवी सगळे करून खोके पाठवतो. तुम्ही नमुना पसंत करायचा आणि पैसे भरायचे. दरही स्वस्त असतो, कारण तो मोठ्या संख्येत काम करतो. पण त्यामुळेच त्याला तुमचे पन्नास-शंभर नग नको असतात. एका रंगाचे अमुक इतके नग घ्याच, अशी त्याची अट असते.

समजा, अट रंगाला ३०० नगांची आहे आणि तुम्ही दोन रंग घेतले. ६०० नग, दर २२० रुपये, झाले १,३२,०००. विक्री ३५० रुपयांनी. आता पाहा, ३५० नग विकले तरी हातात आले १,२२,५००. साडेतीनशे गिऱ्हाईक झाले, गावात नाव झाले, आणि घातलेली रक्कमसुद्धा परत आली नाही. उरलेले २५० नग माळ्यावर आहेत, आणि त्यात बहुतेक अगदी लहान नाहीतर अगदी मोठ्या मापाचे. मधली मापे आधी संपतात, ती मागून मिळत नाहीत, आणि गिऱ्हाईक परत जाते.

आता तीच पँट जवळच्या कारागिराकडून, आपले कापड देऊन, फक्त १२० नग शिवून घेतली आणि महाग म्हणजे २७० ला पडली असे धरू. खर्च ३२,४००. शंभर विकले की ३५,००० आले. मुद्दल सुटले, वर अडीच हजार आले आणि वीस नग अजून हातात आहेत. शिवाय कोणता रंग चालला आणि कोणते माप कमी पडले हे कळले ते वेगळेच. नगामागे ५० रुपये जास्त देऊनही हा माणूस रात्री सुखाने झोपतो. व्यापारी घराण्यातल्या मुलाला घरचे म्हणतात, एकदा बुडलास तर बुड, शिकशील. आपल्या घरात बुडते ते बापाच्या फंडाचे किंवा आईच्या भिशीचे. म्हणून आपण नगाचा दर पाहण्याआधी एकूण किती पैसे एका वेळी अडकणार ते पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लांबच्या गावावर सगळा भरवसा टाकण्यात आणखी एक जोखीम असते. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुपूरचे शेकडो रंगाई कारखाने बंद झाले. नोय्यल नदीत रंगाचे पाणी जात होते म्हणून. आदेश योग्यच होता. पण तिथून माल मागवणाऱ्या लहान माणसाला तेव्हा पर्याय कुठला?

तिसरा मार्ग कोऱ्या मालाचा आहे. कोरे टी-शर्ट घाऊक बाजारातून आणायचे आणि वर संघाचे नाव, नंबर, चित्र छापून द्यायचे. गावच्या कबड्डी स्पर्धेच्या जर्सीला हे उत्तम आहे. ऑर्डर आल्यावर माल आणायचा, आगाऊ रक्कम घ्यायची, काही पडून राहत नाही. एवढे ध्यानात ठेवा की उष्णतेने रंग कापडात मुरवणारी सब्लिमेशनची छपाई पॉलिस्टरवरच बसते, आणि तीही पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर. सुती टी-शर्टवर ती करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. या मार्गाची अडचण एवढीच की कापड आणि बेतणी तुमची नसते. शेजारचा दुकानदारही उद्या तोच शर्ट आणून छापील.

म्हणून नवीन माणसाला मी मधला मार्ग सुचवतो. कापड आपण घ्यायचे, नमुना आपला ठेवायचा, कटिंग आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यायचे आणि शिलाई जॉबवर द्यायची. शाळेचे गणवेश शिवणारे छोटे कारखानदार जवळपास सगळीकडे असतात. जून-जुलैची त्यांची घाई संपली की मशिनी रिकाम्या असतात. त्यांच्याकडे ओव्हरलॉक असतेच, फ्लॅटलॉक आहे का ते विचारा. अशा वेळी लहान काम घ्यायलाही ते तयार होतात.

या मार्गात डोके लागते ते कापडात. असे कापड मीटरवर मिळत नाही, किलोवर मिळते, आणि फसगत तिथेच होते. कापडाच्या जाडीला बाजारात जीएसएम म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम. समजा तुम्ही २२० जीएसएमचे कापड ठरवले आणि पन्हा १.८ मीटर आहे. तर एका किलोत सुमारे अडीच मीटर कापड येते. व्यापाऱ्याने २५० जीएसएमचे कापड दिले तर किलोत सव्वादोन मीटरसुद्धा भरत नाही. पन्नास किलोंच्या खरेदीत पंधरा मीटर कमी! वजन बरोबर, बिल बरोबर, दर बरोबर, आणि पँटी मात्र कमी निघतात. मग शिवणाऱ्यावर संशय घेतला जातो, की याने कापड मारले. बिचाऱ्याचा काही दोष नसतो. म्हणून बिलावर जीएसएम आणि पन्हा लिहून घ्या, आणि एक ताणा उलगडून मीटरने मोजा. रंगाचेही तसेच. एका घाणीतला काळा आणि दुसऱ्या घाणीतला काळा सारखा नसतो. एका पँटीचे सगळे तुकडे एकाच घाणीच्या कापडातून निघाले पाहिजेत, हे मास्टरला बजावून सांगा.

आता शिवणाऱ्याकडे वळू, कारण शिक्का एकाचा आणि हात दुसऱ्याचे ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्य म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांना घेत नव्हते. ते दार उघडावे ही मागणी बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी लावून धरली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पण कापड बाजार ओस पडला नाही. कित्येक गिरण्यांनी भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागांवर कापड विणून घेतले आणि आपल्या शिक्क्याने विकले. आज ज्याला जॉबवर्क म्हणतो तेच ते. ज्या घरांतून गिरणीचा पगार गेला, त्यातल्या बायका पुढे नगावर शिलाई करू लागल्या.

खेळाच्या कपड्यांत जगभर हीच रीत आहे. अमेरिकेतली नायकी कंपनी १९६४ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली तीच मुळी जपानी कारखान्यातले बूट आणून विकण्यासाठी. नायकी हे नाव १९७१ मध्ये आले. पुढेही तिचा बहुतेक माल आशियातल्या दुसऱ्यांच्या कारखान्यांत तयार होत राहिला. कारखाना आमचा नाही, तिथला पगार आम्ही ठरवत नाही, असे म्हणणे तिला काही वर्षे चालले. १९९० नंतर तिथल्या मजुरीच्या आणि जादा तासांच्या बातम्या बाहेर आल्या आणि नावच बदनाम झाले. मे १९९८ मध्ये कंपनीचे संस्थापक फिल नाइट यांना स्वतः उभे राहून सुधारणा जाहीर कराव्या लागल्या. बूट बनवणाऱ्या कारखान्यात नव्याने घेतल्या जाणाऱ्या कामगाराचे वय किमान १८ असेल, ही त्यातली एक.

त्याहून भयंकर घडले बांगलादेशात. ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, वरच्या कारखान्यांतल्या शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावले. अकराशेहून अधिक माणसे मेली, त्यात बहुसंख्य बाया. ढिगाऱ्यातून युरोप-अमेरिकेतल्या नामांकित कंपन्यांची लेबले निघाली. काही कंपन्या म्हणाल्या, आमचे काम तिथे चालले होते हेच आम्हाला ठाऊक नव्हते. एकाने घेतलेले काम दुसऱ्याला दिले, दुसऱ्याने तिसऱ्याला दिले की असे होते.

तुम्ही म्हणाल, कुठे त्या कंपन्या आणि कुठे आमचे १२० नग. पण आपल्या चाळीत पाहा ना. मावशी, काकू, वहिनी नगावर काम करतात, दोरे कापतात, इलॅस्टिक भरतात, काजे-बटणे करतात. ठेकेदार कापलेल्या मालाचे गठ्ठे आणून टाकतो, माल नेतो आणि पैसे "पुढून आले की देतो" म्हणून सांगतो. दोन नग खराब निघाले तर दहाचे कापतो. आता आपलाच पोरगा ब्रँड काढणार, आणि पहिल्याच दिवशी त्याच मावशीला म्हणणार, घरचेच काम आहे, पैसे माल विकला की देतो. म्हणजे माल न खपण्याची जोखीम त्याने मावशीच्या अंगावर टाकली. तिचा काय संबंध? रंग तिने निवडला नाही, भाव तिने ठरवला नाही. शिलाईचे पैसे माल हातात आला त्या दिवशी द्यावेत. तेवढे पैसे बाजूला काढता येत नसतील तर १२० ऐवजी ६० नग करावेत.

मोठ्या कारखानदाराकडे काम दिले तर एक साधा कागद करा, दोघांनी सही करा. किती तुकडे मोजून दिले, किती नग परत आले पाहिजेत, कोणत्या तारखेला, काय दराने. कापडाचा दोष निघाला तर तो तुमचा, टीप सुटली तर ती त्याने फुकट दुरुस्त करायची. एक पक्का नमुना दोघांच्या सहीने पिशवीत बंद करून ठेवा, वाद झाला की तोच पंच. आणि एक ओळ नक्की लिहा, की तुम्हाला विचारल्याशिवाय काम तिसऱ्याकडे जाणार नाही. काम देण्याआधी जागा स्वतः पाहून या. दार बाहेरून कुलूप लावून ठेवलेले असेल, मशिनीवर लहान पोरे बसलेली असतील, तर दर कितीही कमी असो, परत या.

पैशाच्या मुदतीचा कायदाही माहीत असू द्या. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर १५ दिवसांत. हा कायदा २००६ चा आहे. ही नोंदणी फुकट होते. त्यासाठी दोन-तीन हजार मागणारे एजंट बाहेर बसलेले असतात, त्यांना नमस्कार करून पुढे जा. शिवणाऱ्या ताईंच्या गटानेही ती करून घ्यावी, म्हणजे मुदतीचा कायदा त्यांच्याही बाजूने उभा राहतो.

जीएसटीचे थोडक्यात. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण मग कापडावर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरा. राज्याबाहेर माल विकायचा झाला तर नोंदणी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्यावर १८ टक्के कर आहे. आपला माल पहिल्या गटातला. नावाची नोंदणी मात्र टाळू नका. शिवणारा बदलेल, कापड बदलेल, नाव तेवढे तुमचे राहणार. कपड्यांसाठी ट्रेडमार्कचा वर्ग २५ आहे. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये पडते. मोठ्या कंपनीच्या चिन्हासारखे चिन्ह काढायचा मोह मुले करतात. नोटीस आली की लेबले, पिशव्या सगळे कचऱ्यात जाते.

मग मशिनी कधीच घेऊ नयेत काय? घ्याव्यात. सलग सहा-आठ महिने दरमहा ठराविक नग जात आहेत आणि बाहेरची शिलाई वेळेवर मिळत नाही, अशी वेळ आली की घ्याव्यात. तेव्हाही आधी एक फ्लॅटलॉक घ्या, कारण बाहेर अडते ते बहुधा त्यावरच. आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, असे २०१२ चे धोरण आहे. सुरुवातीला ते २० टक्के होते, २०१८ मध्ये वाढवले. ही सवलत माल तयार करणाऱ्याला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. ट्रॅकसूटची सरकारी खरेदी डोळ्यांसमोर असेल तर स्वतःच्या मशिनीचा विचार त्या हिशेबाने करा. पण एक टेंडर मिळेल या आशेवर कर्ज काढू नका. टेंडर मिळाले तरी पैसे येईपर्यंत तग धरावा लागतो.

पहिले कापड घेण्याआधी दोन-तीन मीटरच आणा आणि वेगवेगळ्या मापांच्या चार पँटी शिवून घ्या. त्या खेळणाऱ्या चार मुला-मुलींना द्या. पाच वेळा धुवायला सांगा, घरच्या साबणाने, धोपटून, उन्हात वाळत घालून. मग कमर आणि लांबी पुन्हा मोजा. पांढऱ्या फडक्यावर ओले कापड घासून रंग सुटतो का पाहा. मुलींच्या लेगिंगला उजेडात खाली बसून पाहायला सांगा, ताणल्यावर कापड आरपार दिसते का. हे घरच्या बायकांनी बंद खोलीत पाहावे, मुलग्यांनी त्यात मत देऊ नये. चारही पँटी टिकल्या की मग पन्नास किलोंचा भाव विचारायला जा.